कारागृहात कुणाला उपचार हवेत, हे ओळखायचं कसं? मराठवाड्यातल्या नव्या समुपदेशकांसाठी

तुम्ही समाजकार्य किंवा मानसशास्त्र शिकून बाहेर पडलात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात नेमणूक झाली, किंवा एखाद्या संस्थेकडून समुपदेशक म्हणून कारागृहात जायची परवानगी मिळाली. आता हर्सूल, बीड, धाराशिव, लातूर, नांदेड नाहीतर परभणीच्या फाटकातून आत जायचंय. हा लेख तुमच्यासाठी आहे. मनोविकारतज्ज्ञांचं काम तुमच्या कामानंतर सुरू होतं, त्यामुळं त्यांच्यासाठी यात फारसं काही नाही.

पहिल्या आठवड्यात कुणीतरी हमखास म्हणेल, "यातले मेंटल किती, तेवढं काढून द्या." तसा आकडा काढायला तुम्ही गेलेला नसता. प्रत्येक बंद्याबाबत तीन गोष्टी ठरवायच्या असतात: याला मदत कशाची हवी, ती कुणी द्यायची आणि किती वेळात द्यायची. आजाराचं नाव मागाहून येतं, कधी कधी येतही नाही.

तरी अंदाज हवा म्हणून सांगतो. २४ देशांतल्या कैद्यांवरच्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात सायकोसिससारखा (भास-भ्रम होण्याचा) तीव्र आजार साधारण २५ ते ३० जणांमागे एकाला आढळला. मोठं नैराश्य पुरुषांत दहामागे एकाला होतं, स्त्रियांत सातामागे एकीला. निमहान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या पथकानं बंगळुरूच्या कारागृहात ५,०२४ बंद्यांची पाहणी केली आणि २०११ मध्ये अहवाल दिला. व्यसनं धरून पाचापैकी चौघांत काही ना काही निघालं. व्यसनं वगळली तर चौघांत एकापेक्षा थोडं जास्त. या दोन आकड्यांमधलं अंतर नीट बघा. नव्या बंद्यांच्या पहिल्या आठवड्यात तुमचं निम्मं काम त्या अंतरातच असतं.

आत जाण्याआधी

एका वहीत स्वतःच्या जिल्ह्याचा नकाशा मांडा. राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, म्हणजे चारही मराठवाड्याबाहेर. तातडीनं कुणाला हलवायचं झालं तर आपल्याला संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, नांदेडचं आणि लातूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय, नाहीतर जिल्हा रुग्णालय. कुठल्या वारी मनोविकार ओपीडी असते, बंदी वॉर्ड आहे का, रात्री ड्यूटीवर कोण असतं, हे आधीच विचारून ठेवा. शिवाय बंदी बाहेर न्यायचा तर पोलीस गार्ड लागतो. "गार्ड मिळाला नाही" या एका वाक्यावर कोर्टाची पेशी आणि दवाखाना दोन्ही हुकतात. म्हणून तातडीच्या चिठ्ठीत "आजच" हा शब्द आणि त्याचं कारण लिहा. नुसतं "मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे" लिहिलेला कागद फायलीत आठवडाभर आरामात पडून राहतो.

कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी पहिली भेट शांतपणे घ्या. कित्येक ठिकाणी त्वचारोगापासून क्षयरोगापर्यंत सगळं त्यांच्याच डोक्यावर असतं. तुम्ही त्यांचा भार वाढवायला आलात असं त्यांना वाटलं, तर पुढं काही चालणार नाही.

बसायचं कुठं आणि सुरुवात काय करायची

शिपायाला तुम्ही दिसत राहाल, पण बोलणं त्याच्या कानावर जाणार नाही, अशी जागा मागा. दवाखान्याचा व्हरांडा चालतो. तुरुंगाधिकाऱ्यांच्या टेबलासमोर बसून कुणी मनातलं सांगत नाही.

सुरुवातीलाच साध्या शब्दांत सांगून टाका: "दादा, मी पोलिसांचा नाही, कोर्टाचाही नाही. माझ्यामुळं जामीन होणार नाही आणि अडणारही नाही. झोप, जेवण, मन, व्यसन याबद्दल बोलायला आलोय. तुम्ही सांगाल ते तुमच्या-माझ्यात आणि डॉक्टरांत राहील. फक्त तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, तर मला वर सांगावं लागेल." एवढं ऐकून "बोलायचं नाही" म्हणाला, तर त्याला तो हक्क आहे. पुढच्या फेरीला परत विचारा.

गुन्हा केला का, कसा केला, हे विचारू नका. देशातल्या कारागृहांत चारापैकी तीन जण न्यायाधीन, म्हणजे कच्चे कैदी असतात. खटला चालू असलेल्या माणसाचा कबुलीजबाब तुमच्या वहीत उतरला, तर उद्या ती वही कोर्टात मागवली जाऊ शकते. उपचार ठरवायला तो लागतही नाही.

पहिली चाळणी

नवा बंदी आला की चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत दहा मिनिटं त्याच्याशी बोलायचं. सगळ्यांशी बोलायचं. 'विचित्र वागणारे' तेवढेच बोलावलेत तर गप्प बसणारे सुटतात, आणि कारागृहात जास्त धोका गप्प बसणाऱ्यांनाच असतो.

आधी कधी डोक्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या का? कोणत्या दवाखान्यात, शेवटची गोळी कधी घेतली? कधी मनोरुग्णालयात किंवा बाबा-दर्ग्यावर महिनाभर ठेवलं होतं का? फिट येतात का, डोक्याला जबर मार लागलाय का? इतरांना ऐकू येत नाही असं काही ऐकू येतं का? कुणी पाळतीवर आहे, जेवणात काही घालतंय, असं वाटतं का? दारू, गांजा, गोळ्या, पातळ औषध यातलं काय आणि शेवटचं कधी? याआधी जिवाचं काही करून घ्यायचा प्रयत्न झालाय का, आणि आत्ता तसा विचार येतो का? एवढे प्रश्न पाठ असू द्या. छापील फॉर्म भरायचाच असेल तर बोलणं झाल्यावर भरा.

पाळतीच्या प्रश्नाबाबत एक सावधगिरी. ज्याच्या मागं खरंच पोलीस होते, ज्याच्या जिवावर गावातली भावकी खरंच उठलीय, तो "हो" म्हणणारच. अशा वेळी आणखी दोन प्रश्न विचारा: हे कधीपासून वाटतंय, आणि इथं बराकीत कोण करतंय? "समोरच्या बल्बातून माझे विचार काढून घेतात" हे उत्तर आणि "चुलता मला सोडणार नाही" हे उत्तर, यातला फरक कळायला पदवी लागत नाही.

दारू, बटन आणि तिसरी रात्र

या भागावर वेळ घालवा, कारण इथं माणूस दगावू शकतो.

रोज हातभट्टी किंवा देशी पिणारा माणूस अटक होतो, चोवीस तासांत न्यायाधीशांपुढं उभा राहतो, न्यायालयीन कोठडी मिळते आणि संध्याकाळी कारागृहात येतो. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात. फिट आली तर बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान खरा घात असतो, तो म्हणजे उन्मादी भ्रम, डॉक्टरांच्या भाषेत डीटी. हिशेब मांडून बघा, ही वेळ नेमकी बराकीतल्या रात्रीत येते. पोलीस कोठडीत चार-पाच दिवस काढून आलेल्याचं गणित वेगळं असतं. म्हणून आत कधी आला यापेक्षा शेवटचा घोट कधी घेतला, हे विचारणं महत्त्वाचं.

ते कसं दिसतं? सकाळी शिपाई सांगतो, "नाटकं करतोय साहेब, रात्रभर झोपला नाही, भिंतीशी बोलतोय." तुम्ही जाता. माणूस घामानं भिजलेला, चादरीवरून न दिसणाऱ्या मुंग्या झटकतोय. कुठं आहात विचारलं तर म्हणतो, "जालन्याच्या स्टँडवर, गाडी लागायचीय." दहा मिनिटांनी ओळख पटल्यासारखं नीट बोलतो, परत भरकटतो. अंग तापलेलं, नाडी जोरात. हे वेड नाही आणि नाटकही नाही. दिशाभान जाणं, कमी-जास्त होत राहणं, अंगात ताप किंवा थरथर, हे तिन्ही एकत्र दिसलं की शरीराचा आजार समजायचा आणि त्याच तासाला वैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलवायचं. ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन (ब१ जीवनसत्त्व) द्यायचं असतं. ते डॉक्टरांना ठाऊक असतंच, पण "रोज किती प्यायचा" ही माहिती त्यांच्याकडं नसते. ती तुम्ही द्यायची.

दुसरी गोष्ट 'बटन'. संभाजीनगर भागात झोपेच्या, विशेषतः नायट्राझेपामच्या गोळ्या नशेसाठी या नावानं विकल्या जातात, आणि कोडीनयुक्त खोकल्याचं औषध 'पातळ औषध' म्हणून. पोरं आपणहून सांगत नाहीत, कारण गोळ्यांवरून वेगळी केस होईल अशी भीती असते. या गोळ्या अचानक बंद झाल्या तरी फिट येऊ शकते, आणि ती दारूपेक्षा उशिरा येते, चार-पाच दिवसांनी किंवा त्यानंतरही. पंचविशीतला पोरगा आठवड्यानं पहिल्यांदाच फिट येऊन पडला, तर मिरगी म्हणून शिक्का मारण्याआधी बटनबद्दल विचारा.

जीव द्यायचा विचार

भारतीय कारागृहांतल्या अनैसर्गिक मृत्यूंमध्ये आत्महत्यांचाच वाटा सर्वांत मोठा असतो. थेट विचारल्यानं डोक्यात विचार घुसतो, हा समज सोडून द्या. पायरीनं विचारा: "असं वाटतं का, की झोपावं आणि उठूच नये?" मग, "स्वतःच काही करून घ्यावं असं मनात येतं का?" मग, "कसं करायचं, कधी करायचं, काही ठरवलंय का?" तिसऱ्याला "हो" आलं तर तुम्ही त्या माणसाला एकटं सोडून निरोप द्यायलासुद्धा जायचं नाही. शिपायाला हाक मारा.

धोक्याचे दिवस ठरलेले असतात. आतला पहिला आठवडा, जामीन फेटाळल्याची संध्याकाळ, शिक्षा सुनावल्यानंतरची रात्र, घरून मयताची किंवा बायको माहेरी गेल्याची बातमी. म्हणून पेशीवरून परतणाऱ्यांची यादी रोज बघायची सवय लावा. मुलाखतीच्या, म्हणजे नातेवाइकांच्या भेटींच्या, नोंदवहीवरही नजर ठेवा. दर पंधरवड्याला भेटायला येणारी आई दोनदा आली नाही, तर काहीतरी बिनसलंय. बीड किंवा जालन्याकडचा बंदी असेल तर आधी महिना बघा. दिवाळीपासून मार्चपर्यंत घरचे कोयता घेऊन कारखान्यावर ऊसतोडीला गेलेले असतात आणि उचल फिटेपर्यंत येऊ शकत नाहीत. बंद्याला हे माहीत असतं, तरी रिकामी मुलाखत लागतेच. अशा वेळी मुकादमामार्फत किंवा गावातल्या कुणामार्फत फोनवर बोलणं करून दिलं, तर गोळीपेक्षा जास्त उपयोग होतो.

धोका आहे म्हणून माणसाला एकट्याच्या खोलीत बंद करतात. उद्देश चांगला असला तरी एकटेपणानं धोका वाढतो. चार माणसांत ठेवा, रात्रपाळीच्या शिपायाला नाव सांगून ठेवा, फास लावता येईल अशा वस्तू आणि जागा दूर करा, आणि रोज बघा. "मी काही करणार नाही" असं लिहून सही घेण्याची पद्धत कुठं कुठं दिसते. त्या कागदानं साहेब वाचतात, बंदी वाचत नाही.

सविस्तर मुलाखत

चाळणीत अडकलेल्यांशी निवांत बोला, शक्यतो दोन वेगवेगळ्या दिवशी. गाव, घर, कामधंदा, शाळा कुठपर्यंत, लग्न, कर्ज, आधीचा आजार. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ वापरायला हरकत नाही: नऊ प्रश्न, मागचे दोन आठवडे, २७ पैकी गुण, दहा किंवा जास्त आले तर पुढं तपासायचं. पण कारागृहात झोप, भूक आणि थकवा या प्रश्नांना गुण पडणारच. साठ जणांच्या बराकीत, रात्रभर दिवा चालू, अंगाला खरूज, तिथं झोप न लागणं हा आजार नाही. मी तिथं 'मन कशातच न रमणं', 'स्वतःला कमी लेखणं' आणि नववा, जीव देण्याबद्दलचा प्रश्न, यांच्याकडं आधी बघतो. बेरीज नंतर.

सगळे बंदी आपल्यासारखी मराठी बोलत नाहीत. तांड्यावरचा गोरमाटीत मोकळा होईल, संभाजीनगर-नांदेडकडचा दखनीत, पारधी वस्तीवरचा पारधीत. दुभाषा लागला तर सहआरोपीला बसवू नका, आणि बराकीतल्या दादागिरी करणाऱ्याला तर मुळीच नाही. पारधी माणूस प्रश्न विचारले की आक्रसतो, कारण त्याच्या आयुष्यात प्रश्न विचारायला आजवर बहुतेक पोलीसच आलेले असतात. त्याची शांतता लगेच लक्षण म्हणून लिहू नका.

अंगात येतं, बाहेरची बाधा आहे, कुणीतरी करणी केली, असंही ऐकाल. वाद घालू नका. घरी असताना देवीचं वारं कधी यायचं, किती वेळ राहायचं, नंतर माणूस कामाला लागायचा का, हे विचारा. ठरावीक वारी येऊन तासाभरात उतरणारं वारं आणि पंधरा दिवस झोप, आंघोळ, जेवण सुटलेला माणूस, यांच्या गरजा वेगळ्या. दुसऱ्याला डॉक्टर हवेतच. देवीचं त्याच्याजवळ राहू द्या.

महिला विभागात वेगळा वेळ काढा. सहा वर्षांपर्यंतची मुलं आईसोबत आत असू शकतात, आणि बाहेर राहिलेल्या मुलांची काळजी आईला जास्त पोखरते. मूल कुणाकडं आहे, हा तिच्यासाठी पहिला प्रश्न. नुकतीच बाळंत झालेली, घरात मार खाल्लेली, यांना चाळणीचे गुण कमी आले तरी पुन्हा बोलवा.

मुलाखतीबाहेरची माहिती कधी कधी मुलाखतीपेक्षा मोलाची ठरते. हिस्ट्री तिकिटावरच्या, म्हणजे बंद्याच्या नोंदपत्रकावरच्या, शिक्षा बघा. वारंवार 'आदेश मोडला' म्हणून शिक्षा झालेला माणूस कमी ऐकणारा, मतिमंद किंवा आवाज ऐकणारा निघू शकतो. शेजारी झोपणाऱ्याला विचारा. रात्रपाळीच्या शिपायाला विचारा, पण "वेडा आहे का" असं नाही. "झोपतो का, जेवतो का, एकटा बडबडतो का" असं. क्षयरोगाच्या गोळ्या चालू आहेत का तेही बघा, कारण आयसोनियाझिड आणि सायक्लोसेरिननं काहींना भ्रम होतात.

नाटक करतोय का?

हा प्रश्न रोज येईल. काही जण करतात, दवाखान्यातल्या खाटेसाठी, बराक बदलून घ्यायला, झोपेच्या गोळीसाठी. ती गोळी आत विकलीही जाते. पण एका भेटीत "नाटक" लिहून मोकळं होऊ नका. नाटक चोवीस तास टिकत नाही, म्हणून तुमच्यासमोर आणि तुमच्यामागं वागणं सारखंच आहे का, ते बघा. शिवाय खरा आजार असलेला माणूसही वाढवून सांगतो. त्याशिवाय कुणी लक्ष देत नाही, हे तो शिकलेला असतो. नोंदीत जे दिसलं ते लिहा, शेरा नको.

निष्कर्ष काढणं

माझी वही चार कप्प्यांची आहे. आजच: जिवाचा धोका, डीटी, फिट, अन्नपाणी सोडलेला, दुसऱ्यावर धावून जाणारा. आठवड्याच्या आत: भ्रम असलेला पण शांत, जुनी औषधं तुटलेला, पीएचक्यूत वर गेलेला. महिन्याच्या फेरीत: औषधावर स्थिर, सौम्य नैराश्य, व्यसनमुक्तीची तयारी दाखवणारा. चौथ्या कप्प्याला डॉक्टरच लागत नाहीत. त्याला वकील हवा, घरी फोन हवा, काम हवं. हा कप्पा सर्वांत जाड होतो. कोठडीत असलेल्या प्रत्येकाला मोफत वकिलाचा हक्क आहे, तेव्हा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या भेटीच्या दिवशी ही यादी द्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार कमाल शिक्षेचा अर्धा काळ (पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश) काढलेला न्यायाधीन बंदी सुटकेला पात्र ठरू शकतो. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकापेक्षा जास्त केसेस असलेले यात बसत नाहीत. तारखेच्या काळजीनं झोप उडालेल्याला आपण गोळी देत बसतो, आणि त्याची फाईल कुणी उघडलेली नसते.

कागदांपुरता कायदा असा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू २९ मे २०१८ पासून. कलम १०३ प्रमाणं आजारी बंद्याला कारागृहाच्या वैद्यकीय विभागातल्या मनोविकार कक्षात हलवता येतं. तसा कक्ष नसेल तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाच्या पूर्वपरवानगीनं बाहेरच्या मानसिक आरोग्य आस्थापनेत. दर तीन महिन्यांनी वैद्यकीय अधिकाऱ्यांना या मंडळाकडं अहवाल पाठवावा लागतो. त्या अहवालात चक्क 'मानसिक आजार असलेला बंदी नाही' असं प्रमाणित करायचं असतं! तुमची यादी त्याआधी त्यांच्या टेबलावर असायला हवी. कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरतं. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा मानणारं दंड संहितेतलं जुनं कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत नाहीच. मात्र सरकारी नोकराला भाग पाडायला केलेला प्रयत्न कलम २२६ खाली गुन्हा आहे. म्हणून "धमकी देत होता" असे शब्द विचार न करता लिहू नका.

खटल्याला उभा राहण्याइतका शुद्धीवर आहे का, गुन्ह्याच्या वेळी भानावर होता का, असले दाखले तुम्ही द्यायचे नाहीत. कोर्ट मागेल तेव्हा तज्ज्ञ देतील. वकील आग्रह करतील, गोड बोलून नकार द्या.

औषध सुरू झाल्यावर

डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या की समोर गिळायला लावतात की पुडी हातात देतात, ते बघा. उन्हाळ्यात लिथियमवाल्यांवर (मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांसाठी हे औषध देतात) विशेष लक्ष ठेवा. एप्रिल-मेच्या आपल्याकडच्या उन्हात, पत्र्याच्या बराकीत पाणी कमी पडलं की रक्तातलं लिथियम चढतं: उलट्या, जुलाब, हातांची जाड थरथर, झोकांड्या. जुलाब म्हणून सोडून दिलं तर जिवावर बेततं. सायकोसिसच्या औषधांवर असलेल्यांनाही उष्माघात लवकर होतो. माठ जवळ हवा.

सुटकेची तयारी पहिल्या दिवसापासून

जामिनाचा आदेश बहुधा संध्याकाळी येतो आणि तेव्हा तुम्ही तिथं नसता. म्हणून औषध चालू असलेल्या प्रत्येकाची चिठ्ठी आधीच तयार करून दवाखान्यात ठेवा: औषधाचं नाव, मात्रा, पुढची तारीख, जवळच्या जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार ओपीडीचा वार. चिठ्ठीवर कारागृहाचा किंवा गुन्ह्याचा उल्लेख नको, नाहीतर ती गावच्या दवाखान्यात कुणी दाखवत नाही. सोबत दहा-पंधरा दिवसांच्या गोळ्या देण्याबद्दल वैद्यकीय अधिकाऱ्यांशी आधीच ठरवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक घरच्यांनाही द्या, तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

बटन किंवा पातळ औषध सोडलेल्याला स्पष्ट सांगा, की आत महिने काढल्यावर पूर्वीचा डोस सोसत नाही आणि जीव जाऊ शकतो. घरचा एक तरी चालू असलेला मोबाईल नंबर, आणि तो माणूस कारखान्यावर असेल तर गावातला दुसरा, हे दोन्ही वहीत असू द्या. सुटकेनंतर पंधरा दिवसांनी त्यावर फोन करा. ओपीडीत गेला नसेल, तर बंद्याची संमती आधी घेतलेली असेल तरच आशाताईंना कळवा.